थेंब नाकात, तारीख बाटलीवर

पाऊस सुरू झाला की आमच्या दासगावात अंगणापासून आढ्यापर्यंत सगळं ओलं होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सावित्रीची खाडी आणि मधून मुंबई-गोवा महामार्ग. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, गोधड्यांना कुबट वास येतो, कपाटामागच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके दिसायला लागतात. आणि घरोघरी नाकं चोंदतात. पाऊस सरला म्हणून सुटका होते असंही नाही. भात झोडायला घेतलं की तूस आणि धूळ, उन्हाळ्याच्या तोंडाला राब भाजण्याचा धूर, बारा महिने चुलीचा धूर, वर रस्त्याच्या रुंदीकरणाची धूळ. २०२१ च्या जुलैत महाडमध्ये पूर आला, तेव्हा पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल उरला होता. तो वाळला आणि त्याची धूळ झाली. घर झाडणाऱ्या, भिंती घासणाऱ्या बायकांच्याच नाकातोंडात ती जास्त गेली.

तर मैत्रिणींनो, आजचा विषय आहे नाक. खरं म्हणजे नाकात घालायचे थेंब.

ही छोटीशी बाटली आता बहुतेक घरांत असते. कुणी मेडिकलमधून आणते, तर कुणाकडे गणपतीला आलेले मुंबईचे चाकरमानी ठेवून जातात. “वहिनी, हे घाला, दोन मिनिटांत नाक मोकळं,” असं सांगून दीर किंवा नणंद बाटली हातात देते. आणि खरंच, दोन-पाच मिनिटांत नाक मोकळं होतं! रात्रभर तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडलेल्या बाईला तो देवाचा प्रसादच वाटतो. मग ती बाटली उशाशी राहते, नंतर फडताळात, नंतर पर्समध्ये. आठवडा जातो, महिना जातो, आणि एक दिवस लक्षात येतं की थेंबांशिवाय नाक उघडतच नाही.

आमच्या बचत गटातल्या एका वहिनींचंच उदाहरण सांगते, नाव मात्र लिहीत नाही. भाद्रपदात सर्दी झाली म्हणून त्यांनी थेंब घालायला सुरुवात केली. शिमगा आला तरी थेंब चालूच. आधी रात्री एकदा पुरायचे, मग सकाळ-संध्याकाळ, शेवटी तीन-तीन तासांनी. “ताई, एक वेळ जेवण नसलं तरी चालेल, पण बाटली संपली तर मला झोप लागत नाही,” असं त्या म्हणाल्या तेव्हा बैठकीतल्या बायका हसल्या. पण हसता हसता आणखी दोघी-तिघी गप्प झाल्या. त्यांच्याही घरी तेच चाललं होतं. वहिनींना वाटायचं, आपली सर्दी जुनाट झाली. सर्दी कधीच बरी झाली होती. आता नाक चोंदत होतं ते थेंबांमुळेच.

हे कसं काय, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी नाकाच्या आत काय असतं ते थोडं समजून घेऊ.

नाक म्हणजे नुसती दोन भोकं नाहीत. आत दोन्ही बाजूंना मऊ, ओलसर अस्तर असलेल्या वळकट्या असतात. त्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. बाहेरची थंड, कोरडी, धुळीची हवा छातीत जाण्याआधी ती गरम करायची, ओली करायची, गाळायची, हे काम या वळकट्यांचं. सर्दी झाली, धूर-धूळ लागली, की या रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजतं आणि वाट बंद होते. म्हणजे नाक चोंदतं ते फक्त शेंबडामुळे नाही, जास्त करून सुजेमुळे. म्हणूनच कितीही शिंकरलं तरी मोकळं वाटत नाही. निरोगी माणसाचीसुद्धा एक नाकपुडी थोडी बंद आणि दुसरी जास्त उघडी असते, आणि काही तासांनी त्यांची अदलाबदल होते. एक बाजू जरा जड वाटली की लगेच बाटलीकडे हात जायचं कारण नाही.

बाटलीतलं औषध या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं. झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन ही आपल्याकडे जास्त मिळणारी दोन औषधं. ओट्रिविन हे नाव तुम्ही ऐकलं असेल, ते पहिल्यातलं. नॅसिव्हिऑन हे दुसऱ्यातलं. नावं अवघड आहेत, पण बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेली असतात. एकदा चष्मा लावून वाचून ठेवा, पुढे उपयोग होईल.

रक्तवाहिन्या आकसल्या की सूज उतरते आणि वाट मोकळी होते. औषधाचा जोर संपला की त्या पुन्हा फुगतात. दोन-चार दिवस असं झालं तर काही बिघडत नाही, तोवर सर्दीच उतरणीला लागलेली असते. पण रोज रोज घालत राहिलं की रक्तवाहिन्यांना त्या औषधाची सवय होते. ते नसलं की त्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. वाण्याकडे उधारी फेडायला दुसरी उधारी काढावी, तसला प्रकार. डॉक्टर याला औषधामुळे होणारी नाकाची सूज म्हणतात. ही काही नवी गोष्ट नाही, गेली कित्येक दशकं वैद्यकीय पुस्तकांत लिहिलेली आहे. आपल्यापर्यंत मात्र ती पोचत नाही, कारण बाटलीबरोबरचा कागद आपण खोक्यासकट चुलीत टाकतो.

म्हणून पहिला आणि सर्वात मोठा नियम: तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. मे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येतील अशा सोळा औषधांचा एक मसुदा काढला होता. त्यात हे नाकाचे थेंबही होते. पण त्या मसुद्यातसुद्धा अट होतीच, की पाच दिवसांच्या वर घ्यायचं नाही, बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवायचं.

तीन-पाच दिवस कसे मोजायचे? घरच्या कामाच्या रगाड्यात कुणाला लक्षात राहतं? सोपा उपाय आहे. बाटली फोडली त्या दिवशी तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर पेनाने तारीख लिहा. ती कुणासाठी आणली त्याचं नावही लिहा. लोणच्याच्या बरणीवर आपण लिहितोच की! कालनिर्णयवर दुधाचा हिशोब मांडतो, तिथेच एक खूण केली तरी चालेल. पाचवा दिवस उजाडला की बाटली बाजूला.

आता थेंब घालायचे कसे, तेही नीट बघू. बऱ्याच जणी मान थोडी मागे टाकून घाईत पिचकारी मारल्यासारखे थेंब टाकतात. ते सरळ घशात उतरतात, तोंड कडू होतं, आणि नाकात लागतं थोडंच. म्हणून परत घालतात. असं करू नका. आधी हात धुवा आणि नाक हळूच शिंकरा. पलंगाच्या काठाशी उताणं झोपा आणि मान काठाखाली किंचित झुकवा, नाहीतर खांद्यांखाली उशी घ्या. एका नाकपुडीत चिठ्ठीवर सांगितले असतील तेवढेच, दोन-तीन थेंब टाका. ड्रॉपरचं टोक नाकाला लावू नका. दोन मिनिटं तशाच पडून राहा, मग दुसरी बाजू.

स्प्रे असेल तर मान मागे टाकायची नाही, सरळ बसायचं. टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाकडे वळवायचं. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्यासाठी उजवा वापरला की दिशा आपोआप बरोबर येते. मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला की तिथली त्वचा सुकते आणि रक्त येतं. काम झालं की टोक स्वच्छ कपड्याने पुसून टोपण लावायचं.

किती वेळा, तेही औषधावर अवलंबून आहे. ऑक्सिमेटाझोलिनचा असर बराच वेळ टिकतो, ते दिवसातून दोनदाच. झायलोमेटाझोलिन दोनदा, फार तर तीनदा. चोंदलेल्या नाकाचा खरा त्रास रात्री होतो. दिवसा कसंबसं निभत असेल तर झोपतानाच घाला. जितके कमी तितकं बरं.

आणि एक बाटली एकाच माणसाची. सासूबाई, सून, नातू सगळ्यांनी एकच ड्रॉपर नाकात घालायचा, म्हणजे सर्दीचं वाण घरभर वाटायचं. फोडलेली बाटली किती दिवसांत टाकून द्यायची तेही वेष्टनावर लिहिलेलं असतं. मागच्या पावसाळ्यातली अर्धी उरलेली बाटली “औषध फुकट कशाला घालवायचं” म्हणून या पावसाळ्यात काढू नका. अशा बाटलीत औषध कमी आणि जंतू जास्त असायचे.

आता येते लहान मुलांकडे, कारण खरी भीती तिथेच आहे.

मोठ्यांचे थेंब मुलांना घालायचे नाहीत, “दोनाऐवजी एकच घालते” असं म्हणूनही नाही. या औषधांची ताकद टक्क्यांत लिहिलेली असते, आणि त्यात एक मोठा चकवा आहे. झायलोमेटाझोलिनचे ०.१ टक्केवाले थेंब मोठ्यांचे आणि ०.०५ टक्केवाले मुलांचे. ऑक्सिमेटाझोलिनमध्ये मात्र हेच ०.०५ मोठ्यांचे असतात आणि मुलांचे ०.०२५. म्हणजे “०.०५ लिहिलंय ना, मग लहान मुलांचंच” असं नुसत्या आकड्यावरून ठरवलं तर फसगत होते. औषधाचं नाव आणि आकडा दोन्ही बघायला हवेत. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय यातलं काहीही घालू नये. शेजारच्या बाळाला दिलेली चिठ्ठी आपल्या बाळाला चालत नाही.

त्याहून मोठा धोका म्हणजे मुलाने बाटली तोंडाला लावणं. नाकात दोन थेंब जातात तेव्हा औषध तिथल्या तिथे काम करतं. पोटात गेलं तर ते रक्तात मिसळतं आणि मुलाच्या मेंदूवर आणि हृदयावर परिणाम करतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१२ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. नाकाचे अशा जातीचे स्प्रे आणि डोळ्यांचा लालपणा घालवणारे थेंब चुकून प्यायलेल्या ९६ मुलांची नोंद त्यांच्याकडे झाली होती. मुलं एक महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतची. त्यातल्या ५३ मुलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. कुणी दगावलं नाही हे नशीब. पण किती औषधाने हे होतं माहीत आहे? एक ते दोन मिलिलिटर. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतं, म्हणजे अर्धा चमचासुद्धा नाही!

अशा मुलाला गुंगी येते, ते मलूल पडतं, अंग गार पडतं, श्वास आणि नाडी मंद होते, उलटी होते. आईला वाटतं, खेळून दमलं, झोपलं असेल. म्हणून मूल एकाएकी पेंगायला लागलं आणि बाटली खाली पडलेली दिसली, तर वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढायला जाऊ नका. बाटली हातात घ्या, १०८ला फोन लावा, किंवा मिळेल त्या गाडीने सरळ रुग्णालय गाठा. महाड-पोलादपूरच्या डोंगरावरच्या वाड्यांतून खाली यायलाच किती वेळ जातो ते आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे “अर्धा तास बघू” म्हणणं आपल्याला परवडणारं नाही. त्यापेक्षा बाटली मुलाच्या हाताला लागूच नये, हे बरं. उशाशी नको, खिडकीत नको, देव्हाऱ्याशेजारी नको. वरच्या फळीवर, बंद डब्यात.

मग तान्ह्या बाळाचं नाक चोंदलं तर करायचं काय? बाळ पहिले काही महिने मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक बंद झालं की त्याला दूध ओढता येत नाही, छातीशी घेतलं की सोडून रडतं. आई कासावीस होते, आणि आजीच्या सांगण्यावरून नाकात तेलाचा थेंब सोडते. कुणी आईचं दूध पिळते, कुणी ओवा-वेखंडाची धुरी देते, तर कुणी कापराची पुरचुंडी उशाशी ठेवते. आपल्या आज्यांनी मायेनेच केलं हे सगळं, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण आज आपल्याला काही गोष्टी कळल्या आहेत. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरलं तर तिथे सूज येऊन न्यूमोनियासारखं दुखणं होऊ शकतं. दुधात जंतू चांगलेच वाढतात. धुरीने नाक सुटत नाही, उलट छाती भरते. आणि कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. तेव्हा हे चारही प्रकार बाळापासून लांबच बरे.

बाळासाठी उत्तम औषध म्हणजे नाकात घालायचं सलाइन, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. मेडिकलमध्ये त्याची छोटी बाटली मिळते. दूध पाजायच्या आधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब टाकायचे, क्षणभर थांबायचं, मग मऊ कपड्याच्या टोकाने बाहेर आलेला शेंबूड पुसून घ्यायचा. यात रक्तवाहिन्या आकसवणारं काही नसतं, त्यामुळे त्याची सवय लागत नाही. मेडिकलमध्ये मागताना मात्र नीट सांगा, कारण “नाकाचे थेंब द्या” म्हटलं की काय हातात पडेल याचा नेम नाही. औषधाचे थेंब आणि मिठाच्या पाण्याचे थेंब दिसायला सारखेच असतात, कधी कधी कंपनीचं नावही एकच असतं. “बाळासाठी नुसतं सलाइन हवंय,” असं स्पष्ट सांगा आणि बाटलीवर सोडियम क्लोराइड लिहिलंय ना, ते पाहून घ्या.

थेंब नको तर सर्दीचं सिरप देऊ का, असंही बायका विचारतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त मुलं गेली, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्या वेळी केंद्र सरकारच्या आरोग्य विभागाने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांच्या आत शक्यतो टाळावीत. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. दूध, पाणी, पेज, ऊब आणि आईची मांडी, एवढ्यावर ती निभते.

आता मोठ्या बायकांचं बोलू. आपल्यातल्या किती जणींना रक्तदाबाची गोळी चालू आहे? बैठकीत हात वर करायला सांगितलं की निम्मे हात वर येतात. नाकाचे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात, हे आपण पाहिलं. जास्त थेंब घातले तर त्यांचा असर नाकापुरता राहत नाही. रक्तदाब वाढू शकतो, छातीत धडधडतं, झोप उडते, डोकं दुखतं. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, थायरॉइड किंवा काचबिंदू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे थेंब घालू नयेत. नैराश्यासाठी गोळ्या चालू असतील तर तेही लपवू नका, काही गोळ्यांचं आणि या औषधाचं जमत नाही. घरातल्या म्हाताऱ्या बाबांना लघवीला अडतं, त्यांनाही जपा. “नाकातच तर घालायचंय, त्याला काय विचारायचं?” हा समज सोडून द्यायला हवा.

गरोदर बायकांना तर एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. सर्दी नाही, पडसं नाही, तरी सहाव्या-सातव्या महिन्यात नाक सारखं चोंदतं. पोटातल्या बाळासाठी शरीरात जे बदल होतात त्यानेच नाकाचं अस्तर सुजतं. बाळंतपणानंतर साधारण पंधरा दिवसांत ते आपोआप उतरतं. पण हे कुणी सांगितलेलं नसतं. मग पोरगी महिनोन् महिने थेंब घालत बसते आणि बाळंत झाल्यावरही तिचं नाक मोकळं होत नाही, कारण आता थेंबांची सवय जडलेली असते. गरोदरपणी नाक चोंदलं तर सलाइन वापरा, उशी उंच घ्या, डाव्या कुशीवर झोपा आणि तपासणीला जाल तेव्हा नर्सबाईंना सांगा. औषधाचे थेंब डॉक्टरांनी दिले तरच.

घरगुती उपायांत काय चालतं? वाफ घेतल्याने मोठ्या माणसाला जरा बरं वाटतं. पण उकळतं पातेलं जमिनीवर ठेवून मुलाला चादरीखाली घ्यायचं नाही. पातेलं कलंडून मुलं भाजतात. मिठाच्या पाण्याने नाक धुणं मोठ्यांसाठी चांगलं. जलनेती करणाऱ्यांना ते माहीत आहेच. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं. विहिरीचं, बोअरचं किंवा नळाचं पाणी पिऊन चालत असेल, पण नाकात घालायला कच्चं पाणी नको. केरळमध्ये २०२५ साली अमिबामुळे होणाऱ्या मेंदूच्या आजाराने किती घाबरवलं होतं, आठवतं ना? ते जंतू पोटातून नाही, नाकातून मेंदूपर्यंत जातात. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ, हवा तर तेवढाच खाण्याचा सोडा. रोज ताजं करायचं, उरलेलं ओतून टाकायचं.

नाक चोंदायचं मूळ कारण घरातच असेल तर तेही शोधा. गोधड्या-उशा ऊन मिळेल त्या दिवशी बाहेर टाका. भिंतीची बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, नाकाला रुमाल बांधा. चूल असेल तर धूर बाहेर जायला वाट ठेवा. भात झोडताना पुरुष तोंडाला उपरणं गुंडाळतात, बायका तशाच राबतात. आपणही पदर नाकावरून घट्ट बांधावा, त्यात लाज कसली?

आता ज्यांना थेंबांची सवय लागलीच आहे त्यांच्यासाठी. घाबरू नका, हे सुटतं. आमच्या त्या वहिनी महाडला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी आधी एकाच नाकपुडीतले थेंब बंद करायला सांगितले. दुसरी उघडी होती, त्यामुळे श्वास अडला नाही. ती बाजू सुधारल्यावर दुसऱ्या बाजूचे बंद केले. सोबत सूज उतरवणारा वेगळा स्प्रे दिला. हा स्प्रे लगेच मोकळं करत नाही, त्याला गुण यायला काही दिवस लागतात. म्हणून “हे औषध लागू पडत नाही” असं म्हणून तो मध्येच सोडायचा नसतो. पहिला आठवडा वाईट गेला. नवरा म्हणाला, “कशाला हाल करतेस, घाल की दोन थेंब.” पण त्या नेटाने राहिल्या. तीन आठवड्यांनी त्या रात्रभर नाकाने श्वास घेऊन झोपल्या. डॉक्टरांनी नाक तपासल्यावर आणखी एक गोष्ट कळली. त्यांना धुळीची ॲलर्जी होती. थेंबांनी इतके महिने ती झाकून ठेवली होती.

आणि सांगण्यासारखं खरं हेच आहे. नाक चोंदणं ही एक तक्रार असते आणि तिच्यामागे कारण असतं. ॲलर्जी, वाढलेलं मांस, वाकडा पडदा, सायनसची सूज, असं काहीही असू शकतं. थेंब त्या तक्रारीचं तोंड बंद करतात. बाईची तक्रार घरात अशीही उशिराच ऐकली जाते. मुलाला ताप आला की लगेच गाडी काढली जाते, तिचं नाक मात्र पन्नास-साठ रुपयांच्या बाटलीवर महिनोन् महिने ढकललं जातं. तीही तेच करते, कारण दवाखान्यात जायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते, एसटीचं भाडं पडतं. तरीपण मैत्रिणींनो, दहा दिवसांच्या वर नाक बंद राहिलं, ताप आला, गाल किंवा कपाळ ठणकायला लागलं, रक्त आलं, तर दिवस मोडला तरी चालेल, पण दाखवून या. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी, चिंचोका असं काही अडकलं असण्याची शक्यता असते. घड्याळातला बटणासारखा सेल नाकात घातला असेल तर त्याच तासाला रुग्णालयात न्या, तो आतून जाळतो. आणि बाळाची छाती आत ओढली जात असेल, दूध ओढत नसेल, ओठ निळे दिसत असतील, तर आशाताईंना हाक मारा आणि त्याच पावली निघा.

आज दुपारी कामं उरकली की एक करा. घरातल्या नाकाच्या थेंबांच्या बाटल्या शोधून काढा. फडताळ, उशी, पर्स, देव्हारा, सगळीकडे बघा. ज्या जुन्या आहेत त्या टाकून द्या, पण मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा. जी चालू आहे तिच्यावर नाव आणि तारीख लिहा. आणि तारीख आठवतच नसेल, तर थेंब पाच दिवसांच्या वर गेलेत असंच समजा.

चौकट : एवढं लक्षात ठेवा

० औषधाचे थेंब तीन दिवस, फार तर पाच दिवस.
० बाटली फोडल्याची तारीख आणि माणसाचं नाव बाटलीवर लिहा.
० एक बाटली, एक माणूस. मोठ्यांचे थेंब मुलांना नाहीत.
० दोन वर्षांच्या आत फक्त सलाइन. बाकी काही द्यायचं तर डॉक्टर सांगतील तेव्हाच.
० रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, थायरॉइड, काचबिंदू, गरोदरपण : आधी विचारा, मग घाला.
० मुलाने बाटली तोंडाला लावली तर उलटी काढू नका. बाटली घेऊन रुग्णालय गाठा, १०८ला फोन करा.
० नाक धुवायला पाणी उकळून गार केलेलंच.